अण्णा, आता बोलू नका

रात्रीचे दोन वाजून गेले असतील. सोलापुरातल्या एका दवाखान्याची खोली, फिनेलचा वास, आणि खाटेच्या कडेला लोंबणारी लघवीची पिशवी. दर तासाला उठून मी त्या पिशवीवरच्या रेघा बघायचे. किती साठली, रंग कसा आहे, हे वहीत लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. अण्णांना झोप नव्हती. कळ आली की ते डाव्या हाताने खाटेचा दांडा आवळून धरायचे, आणि कळ गेली की हात सैल पडायचा. त्या हाताकडे बघूनच मला कळायचं, आत काय चाललंय ते. त्या रात्री अशीच एक मोठी कळ येऊन गेली. हात सैल पडला. आणि अण्णा चक्क हसले. माझ्याकडे न बघता, छताकडे डोळे लावून म्हणाले, "आगं, सुकडीची वाटी... मिस्त्रीनं त्या दिशी काय केलं, म्हाइतीय का तुला?"

मी म्हणाले, "अण्णा, आता बोलू नका. दमायला होतं. झोपा बघू."

ते गप्प झाले. शहाण्या मुलासारखे डोळे मिटून पडून राहिले. मी चादर सारखी केली, वहीत अडीच वाजताची नोंद लिहिली आणि खुर्चीत येऊन बसले.

तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. मधल्या काळात ते काही बोललेच नाहीत असं नाही. पाणी मागितलं, आईला घरी जाऊन जरा आडवी हो म्हणाले, एकदा नातवाला हाक मारली. पण सुकडीची गोष्ट पुन्हा निघाली नाही, आणि मीही विचारली नाही. मग दहावा, तेरावा, मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स, बँक, पेन्शन, सगळं रीतीने पार पडलं. भेटायला येणारे विचारायचे, "शेवटी काही बोलले का गं?" मी सांगायचे, "नाही, शांत होते." प्रत्येक वेळी हे सांगताना घशात काहीतरी अडकायचं. ते शांत नव्हते. मी त्यांना गप्प केलं होतं.

त्याच आठवड्यातली, फेब्रुवारी २०२४ची, आणखी एक आठवण आहे. अण्णांना सीटी स्कॅनसाठी आत नेलं होतं. खडा नेमका कुठे अडकलाय आणि मूत्रपिंडाचं काय झालंय ते बघायचं होतं. बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइल चाळत होते. मन कशात लागत नव्हतं, तरी अंगठा चालू होता. एक बातमी दिसली. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतल्या हर्क्युलेनियम गावाबरोबर एक आख्खं ग्रंथालय गाडलं गेलं होतं. त्यातली जळून कोळसा झालेली पपायरसची एक गुंडाळी तीन तरुणांनी संगणकाच्या मदतीने वाचून दाखवली होती, आणि तीही न उलगडता. त्या गुंडाळीचा सीटी स्कॅन केला होता. मी तो शब्द दोनदा वाचला आणि समोरच्या बंद दारावरच्या पाटीकडे बघितलं.

यंत्र आमच्या दवाखान्यातल्यापेक्षा अवाढव्य, ऑक्सफर्डजवळचं, पण तत्त्व तेच: उघडायचं नाही, कापायचं नाही, बाहेरूनच आतला एकेक पदर बघायचा. १७५२च्या सुमारास या गुंडाळ्या सापडल्या तेव्हा लोकांनी त्या सुरीने कापून, सोलून वाचायचा प्रयत्न केला होता आणि कितीतरी गुंडाळ्यांचा भुगा झाला होता. शाई काजळीची आणि कागदाचाही कोळसा, म्हणजे काळ्यावर काळं. एक्स-रेलाही फरक दिसेना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की शाई वाळलेली असते तिथे पृष्ठभागावर बारीक भेगाळलेली नक्षी असते, तळ्यातला गाळ सुकल्यावर पडते तशी. ती नक्षी ओळखायला संगणकाला शिकवलं आणि दोन हजारांहून जास्त अक्षरं वर आली. सगळ्या गुंडाळीचा जेमतेम पाच टक्के भाग. त्यात संगीताविषयी आहे, चवीविषयी आहे. आणि एक प्रश्न आहे: एखादी खायची गोष्ट कमी मिळते, म्हणून ती भरपूर मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त गोड मानायची का? लिहिणारा म्हणतो, असं लगेच मानून चालणार नाही.

आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती. मधूनच रेकॉर्ड केलेला आवाज, "श्वास रोखा... श्वास सोडा."

लिहिणारा बहुधा फिलोडेमस, आणि फिलोडेमस हा एपिक्युरसच्या परंपरेतला. एपिक्युरस माझ्या ओळखीचा होता, म्हणजे बी.ए.ला तत्त्वज्ञानाचा जो एक पेपर होता त्यातल्या अर्ध्या पानापुरता. 'ग्रीक सुखवादी तत्त्वज्ञ. सुख हेच जीवनाचं ध्येय मानले. टीप लिहा, गुण ५.' त्या पाच गुणांच्या टिपेत मी त्याच्या शेजारी आपल्या चार्वाकाला बसवून 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' लिहिलं होतं, आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूणही केली होती. अण्णा गेल्यावर झोप उडालेल्या रात्रींत मी त्या बाकावरच्या बातमीचा धागा धरून वाचत गेले. दुसरं काही वाचवत नव्हतं. धीर देणारी पुस्तकं लोकांनी आणून दिली होती, ती दोन पानांवर मिटली जायची. हा माणूस मात्र वाचवत होता. त्याचं एक कारण असं, की तो ज्या दुखण्याने गेला ते मला ठाऊक होतं. मूत्रमार्गात अडकलेला खडा. तुंबलेली लघवी. चौदा दिवस.

सामोस बेटावर इ.स.पू. ३४१मध्ये तो जन्मला. वडील अथेन्सहून तिथे वसाहतीला आलेले, तुटपुंज्या फीवर मुलांना शिकवणारे मास्तर. चौदाव्या वर्षी शाळेत हेसिअड या जुन्या ग्रीक कवीचं काव्य चालू होतं. सगळ्यांच्या आधी केऑस, म्हणजे आदिम पोकळी, निर्माण झाली, असं गुरुजींनी सांगितल्यावर पोराने विचारलं, मग ती कशातून झाली? गुरुजी म्हणाले, ते सांगणं माझं काम नाही, तत्त्वज्ञांचं. पोरगा म्हणाला, मग मी त्यांच्याकडेच जातो. हे खरंच तसं घडलं की शिष्यांनी मागाहून रचलं, कोण जाणे. मला त्यातला गुरुजींचा प्रामाणिकपणा आवडतो. पुढे अलेक्झांडर मेला, सामोसवरून अथेन्सकरांना हुसकावलं गेलं, त्यात याचंही घर उठलं. ठिकठिकाणी राहून, शिकून, शिकवून पस्तिशीच्या सुमारास तो अथेन्सला आला आणि शहराच्या वेशीबाहेर ८० मिना मोजून एक बाग विकत घेतली. प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या वाटेवर. पुढची पस्तीसएक वर्षं, मरेपर्यंत, तो आणि त्याचे मित्र तिथे राहिले. त्यांच्या पंथाला लोक 'बागवाले' म्हणायला लागले.

बाग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी कारंजी आली होती. पण सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने लिहून ठेवलंय, की त्या बागेत पाहुण्याला सांगितलं जायचं: बाबा रे, इथे तुझं बरं चालेल, इथे सुखालाच सगळ्यात मोठं मानतात. आणि मग तिथला राखणदार पुढे काय ठेवायचा, तर सातूचं पीठ आणि हवं तितकं पाणी. सुखवाद्यांच्या घरचा पाहुणचार हा एवढा. एपिक्युरसने एका मित्राला पत्रात लिहिलंय, मला चीजची एक छोटी कुंडी पाठव, म्हणजे कधी मनात आलं तर चंगळ करता येईल. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. अण्णा एसटीत कंडक्टर होते. ड्यूटीवरून येताना कधी पंढरपूर स्टँडवरचे पेढे आणले की पुडी उघडायच्या आधी म्हणायचे, "चला, आज मज्जा." एका पुडीत घरातले सहा जण. त्यातला अर्धा पेढा कागदात गुंडाळून मिस्त्रीकाकांसाठी वेगळा निघायचा. आई कुरकुरायची, अर्धा पेढा काय द्यायचा माणसाला! आणि अण्णा म्हणायचे, "त्याला अर्ध्याचंच कौतुक हाय."

एपिक्युरसचं म्हणणं थोडक्यात सांगता येतं, आणि तसं सांगितलं की ते फार सपाट वाटतं. शरीर ओरडतं ते तीनच गोष्टींसाठी: भूक नको, तहान नको, थंडी नको. ते भागलं की माणूस देवांच्या बरोबरीने सुखात बसू शकतो. ते भागवणं अवघड नाही. उरलेलं दुःख आपण भीतीने तयार करतो, देवाच्या आणि मरणाच्या. देव असतील तर ते आपल्या आनंदात आहेत, तुमच्या चुका मोजत बसलेले नाहीत. मरण आपल्याला भेटतच नाही, कारण आपण असतो तेव्हा ते नसतं, आणि ते येतं तेव्हा आपण नसतो. सगळं जग कणांचं, माणूसही कणांचा; कण सुटे झाले की दुखायला मागे कुणी उरत नाही. रोममध्ये पुढे थडग्यांवर कोरायची पद्धत पडली: नव्हतो, होतो, नाही, फिकीर नाही. आणि माणसाला आयुष्यभर सुखी ठेवण्यासाठी शहाणपण जे जे गोळा करतं त्यात सगळ्यात मोठं काय, तर मैत्री. पैसा, मान, सत्ता या यादीत येतच नाहीत. राजकारणापासून लांब राहा, असं तो शिष्यांना बजावायचा. हे मला पटत नाही. दुष्काळात माणसं जगली ती कुणीतरी मोर्चे काढले, कुणीतरी कामं सुरू करायला लावली म्हणून. कुंपणाच्या आत बसून ते झालं नसतं.

पण कुंपणाच्या आत कोण होतं ते बघितलं की माझा राग जरा निवळतो. त्या काळच्या अथेन्समध्ये बायका तिथे बसून तत्त्वज्ञानावर बोलायच्या. लिऑन्शिअन नावाची एक गणिका होती, तिने मोठ्या पंडिताच्या विरोधात ग्रंथ लिहिला. मिस नावाचा गुलाम मित्रांबरोबरीने चर्चेला असायचा. आणखी एक बारकावा आहे. पायथागोरसच्या लोकांत सगळ्यांची मालमत्ता एकत्र करायची रीत होती. एपिक्युरस म्हणाला, आपल्यात तसं करायचं नाही. ते अविश्वासाचं लक्षण आहे, आणि जिथे अविश्वास आहे तिथे मित्र कुठले? ज्याचं त्याच्याकडे असू दे. लागेल तेव्हा तो देईलच.

आणि मग ते पावटे.

इ.स.पू. २९५च्या सुमारास डेमेट्रिअस नावाच्या सरदाराने अथेन्सला वेढा घातला. धान्याची जहाजं बंद झाली. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने त्या उपासमारीची एक गोष्ट दिली आहे: एका घरात बाप आणि मुलगा सगळी आशा सोडून बसलेले असताना छतावरून मेलेला उंदीर पडला, आणि त्या उंदरासाठी दोघं एकमेकांवर तुटून पडले. त्याच्या पुढच्याच वाक्यात तो सांगतो, की त्या काळात तत्त्वज्ञ एपिक्युरसने आपल्या माणसांना जगवलं ते शेंगांमधले दाणे मोजून वाटून. पावट्याच्या जातीचे दाणे. मोजून. मी हे वाचलं आणि पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. पन्नाशी उलटायच्या आतबाहेरचा माणूस, पाय दुमडून बसलाय, पुढ्यात मूठभर दाणे, आणि एकेक दाणा उचलून ढीग लावतोय. सगळ्या ढिगांत सारखे पडले पाहिजेत. तुझे सात, तुझे सात, माझे सात. सुखाचा तत्त्वज्ञ म्हणून जगभर ज्याचं नाव झालं, त्याला मी तेव्हापासून याच रूपात बघते.

आमच्याकडे १९७२ हे साल कुणी 'साल' म्हणून सांगत नाही, 'भत्तर' म्हणतात. सांगोल्याकडच्या आमच्या गावात अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे होते. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी तव्यावरून काढतानाच तुटायची. दुष्काळी कामावर खडी फोडायला अख्खं गाव जायचं, पाटलाची सूनसुद्धा डोक्यावर पदर ओढून. बोटांना चिंध्या बांधून दिवसभर हातोडा चालवायचा, मुकादम मस्टरवर हजेरी लावणार, मोजमाप ब्रासने. आणि दुपारी सुकडी. गोडसर, कोरडी, घशाला चिकटणारी. अण्णांनी हे सगळं आम्हाला तुकड्यातुकड्याने सांगितलं होतं, पण ओझरतं. ताटात काही टाकलं की, "भत्तर बघितलं असतं म्हंजी कळलं असतं," एवढंच. मिस्त्रीकाका तेव्हा मिस्त्री नव्हते. दगडाशी त्यांची ओळख झाली ती त्या खडीवरच. पुढे गवंडीकाम शिकले, आमचं घर त्यांनीच बांधलं. ते आणि अण्णा दोघं बाजाराच्या दिवशी एकाच हॉटेलात एकाच बाकड्यावर बसायचे. चाळीस वर्षं. दोघांत एक कप चहा, अर्धा बशीत, अर्धा कपात. बोलायचे काय ते मला ठाऊक नाही. लांबून बघितलं तर बराच वेळ गप्पच असायचे, आणि मग एकदम दोघांचे खांदे हसण्याने गदगदायचे.

एपिक्युरसची बदनामी त्याच्या हयातीतच सुरू झाली. त्याच्या लाडक्या मित्राचा, मेट्रोडोरसचा भाऊ पंथ सोडून गेला आणि सांगत सुटला, की हा माणूस इतकं हादडतो की दिवसातून दोनदा ओकतो. दाणे मोजणाऱ्याबद्दल हे! इटालियन कवी दांतेने जवळजवळ सोळाशे वर्षांनी त्याला आणि त्याच्या अनुयायांना नरकातल्या जळत्या थडग्यांत घातलं. ज्यूंच्या भाषेत त्याच्या नावावरून पाखंड्याला शब्द पडला. युरोपात त्याचं नाव खवय्येगिरीला चिकटलं ते आजही महागड्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतं. त्याने तीनशेच्या आसपास गुंडाळ्या लिहिल्या होत्या. हाती राहिली ती तीन पत्रं, चाळीस सूत्रं, १८८८मध्ये व्हॅटिकनच्या एका हस्तलिखितात सापडलेली काही वचनं, आणि हर्क्युलेनियमच्या कोळशातले तुकडे. चार्वाकांचंही असंच झालं. त्यांची पोथी उरली नाही, त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या पोथ्यांतून त्यांची ओळख होते, आणि तुपाची ती ओळ तेवढी तोंडोतोंडी राहते. माझी ती पाच गुणांची टीप आठवली की मला आता अपराधी वाटतं. दोघांबद्दलही.

कोळशातल्या एका तुकड्यात लहान मुलाला लिहिलेलं पत्र आहे, ते त्याचंच मानतात. आम्ही सगळे लॅम्प्साकसला सुखरूप पोचलो, इथे सगळी मंडळी बरी आहेत, तूही बरं असशील आणि तुझी आईही, घरातल्यांचं ऐकतोस म्हणून आम्हा सगळ्यांना तू फार आवडतोस, अशा अर्थाचं. बस, एवढंच. कणांचा सिद्धान्त सांगणारा माणूस प्रवासातून एका पोराला खुशालीचं पत्र टाकतो. अण्णांची पोस्टकार्डं अशीच असायची. वर 'श्री', मग 'इकडील सर्व क्षेम'.

आता ते शेवटचं पत्र. मरायच्या दिवशी त्याने लॅम्प्साकसच्या इडोमेनिअस या मित्राला लिहिलं. माझ्या भाषेत सांगते: माझ्या आयुष्यातल्या या सुखाच्या दिवशी, जो शेवटचाही आहे, तुला लिहितो आहे. लघवी तुंबल्याच्या आणि आतड्याच्या वेदना चालूच आहेत, याहून जास्त होऊ शकणार नाहीत इतक्या आहेत. पण या सगळ्याच्या समोर मी उभा केला आहे तो मनातला आनंद, आपण पूर्वी जे बोलत बसायचो त्याच्या आठवणीचा. तू लहानपणापासून माझ्याशी आणि या विचाराशी जसा वागलास त्याला शोभेल असं कर, मेट्रोडोरसच्या मुलांना सांभाळ.

मी वहीत लघवीच्या नोंदी केलेल्या आहेत. त्या दुखण्यात माणसाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. त्यामुळे 'सुखाचा दिवस' हा शब्द वाचून मला पहिल्यांदा संतापच आला. असं कसं म्हणवतं? तत्त्वज्ञान राखायचं म्हणून म्हटलं असेल का? ही शंका मला एकटीलाच आली असं नाही. सिसेरो या रोमन वक्त्याने हे पत्र लॅटिनमध्ये आणलं आणि म्हटलं, हे वागणं थोर आहे, पण त्याच्याच शिकवणीशी जुळत नाही. दुसरीकडे त्याने टोला हाणलाय, की दुःखात गेल्या सुखाची आठवण काढायची म्हणजे उन्हात होरपळणाऱ्याने आपल्या गावच्या गार नदीत कधीकाळी डुंबलो होतो ते आठवण्यासारखं आहे. त्याने काय गारवा मिळणार?

बरेच दिवस मला सिसेरोचंच खरं वाटत होतं. मग एका रात्री पत्र पुन्हा वाचताना लक्षात आलं, की अरे, हे पत्र आहे! तो नुसता आठवत पडलेला नाही. तो सांगतो आहे. कुठल्या तरी दूरच्या गावी बसलेल्या माणसाला, जो त्या बोलण्यांत होता, किंवा निदान ज्याला ती कळतील. लेखणी धरवत असेल-नसेल, कुणाला तरी समोर बसवून सांगून लिहवून घेतलं असेल, पण ते बाहेर काढलं. गार नदी एकट्याने आठवली तर सिसेरो म्हणतो तसंच होत असेल. पण शेजारी कुणी बसलंय आणि त्याला आपण सांगतोय, की तिथे एक खडक होता, त्यावरून अमक्याने उडी मारली, पाणी असं उडालं, आणि तो हसतोय... तर? अण्णांचा हात दांड्यावरून सैल पडला होता. ते हसले होते. औषधाच्या दोन डोसांच्या मध्ये, रात्री अडीच वाजता, अण्णांनी स्वतःच शोधून काढलं होतं काय लागू पडतंय ते. त्यांना फक्त ऐकणारं माणूस हवं होतं. आणि खुर्चीत मी होते.

काळजीपोटी बोलले मी, हे खरं आहे. माझ्या बहिणीने मला हे शंभर वेळा सांगितलं. नर्सनेही बजावलं होतं, पेशंटला विश्रांती पाहिजे. पण मी स्वतःला विचारते, की त्या क्षणी मला काय हवं होतं? मला ती रात्र सरायला हवी होती. अण्णा बोलत राहिले असते तर मला जागं राहावं लागलं असतं, हसावं लागलं असतं, आणि हसता हसता मला रडू आलं असतं. ते मला झेपलं नसतं. दमायला होतं असं मी म्हणाले, पण कुणाला दमायला होतं ते नीट सांगितलं नाही.

मरण आपल्याला भेटतच नाही, हे मरणाऱ्याच्या बाजूने ठीक आहे. मागे राहणाऱ्याला ते भेटतं. रोज भेटतं, कपाटातल्या शर्टाच्या वासात, बाथरूममधल्या तांब्यात. यावर या माणसाकडे काही आहे का, हे मी शोधत होते. सापडलं ते प्लुटार्कमध्ये, आणि प्लुटार्क तर याचा विरोधक. तो लिहितो, की मित्र मेल्यावर शोक करूच नये असं म्हणणाऱ्यांशी हे बागवाले भांडतात. ते म्हणतात, ज्याला काहीच वाटत नाही त्याचं ते न वाटणं दुःखापेक्षा वाईट. त्यापेक्षा थोडं हलावं, डोळे भरून यावेत, पाझरावं. हे वाचून मी नीट रडले. तेराव्यालाही रडले नव्हते इतकी.

मृत्युपत्रातही तेच. मेल्यावर आपण कुठे उरत नाही, असं आयुष्यभर सांगणाऱ्याने लिहून ठेवलं, की दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळ्यांनी जमावं, माझ्या आणि मेट्रोडोरसच्या आठवणीसाठी. मिसला आणि आणखी तिघांना गुलामीतून मोकळं करावं, त्यातली एक बाई होती. मेट्रोडोरसच्या मुलीचं वयात आल्यावर लग्न लावून द्यावं. सिसेरो इथेही चिमटा काढतो: मेल्यावर काही नाही म्हणतोस, मग जेवणावळी कशाला? मला यात विसंगती दिसत नाही. विसाव्या दिवसाचं जेवण हे गेलेल्यासाठी नव्हतंच. समोरासमोर बसायला निमित्त असावं, आणि "तुला आठवतं का" म्हणून कुणीतरी सुरुवात करावी. शेकडो वर्षं ते 'विसावे' जमत राहिले.

दक्षिण तुर्कस्तानातल्या डोंगरावर ओइनोआंडा म्हणून गाव होतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथल्या एका म्हाताऱ्याने, डायोजिनीस त्याचं नाव, गावच्या चावडीसारख्या ओवरीच्या भिंतीवर एपिक्युरसची सगळी शिकवण कोरून घेतली. कित्येक मीटर लांब भिंत, हजारो शब्द. का, तेही त्याने कोरलंय. माझा सूर्य कलला आहे, निघायच्या आधी मदत करावीशी वाटते. एखाददुसरा आजारी असता तर घरी जाऊन सांगितलं असतं, पण साथ आल्यासारखे सगळेच भीतीने आजारी आहेत. शिवाय अजून जन्मायचे आहेत तेही आपलेच, आणि परगावाहून येणारेही. भूकंपांनी, माणसांनी ती भिंत पाडली, दगड दुसऱ्या बांधकामांत गेले. १८८४पासून त्यातले तीनशेच्या वर तुकडे सापडलेत. मला हे मिस्त्रीकाकांना सांगायचं होतं. दगडाचा विषय, त्यांना आवडला असता.

दिवाळीत गावी गेले तेव्हा त्यांच्याकडे गेले. दारात बाजेवर बसले होते, मांडीवर पाटी घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत. बोटांची पेरं दगडासारखीच झालेली. दिसायला कमी आलंय, पण आवाजावरून ओळखलं. "ये, कंडक्टरची ल्येक न्हवं?" मी पायाशी बसले. तुर्कस्तानाचं काहीच सांगितलं नाही. त्या रात्रीचं सांगितलं. अण्णा काय म्हणाले ते, आणि मी काय म्हणाले तेही. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

काका बराच वेळ शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "सुकडीची वाटी? कुठली म्हणायची? सुकडीच्या लई हायती बाय."

"तुम्ही काहीतरी केलं होतं म्हणे त्या दिवशी."

"कवा? मुकादमाच्या घोड्याला चारली ती? का तुझ्या बापाची मी खाल्ली आन् त्यानं मला पाझर तलावापतुर पळवलं ती?" आणि त्यांचे खांदे हलायला लागले. अगदी तसेच. "का अक्काची? अक्का आजारी पडलीती तवा आमी दोघांनी..." इथे ते थांबले, पाटीतली एक शेंग उचलून तिच्याकडे बघत राहिले. फोडली. दोन दाणे निघाले. एक माझ्या हातावर ठेवला.

मग त्यांनी सुरुवात केली. पहिली गोष्ट संपली, तिच्यातून दुसरी निघाली. अण्णांची नेमकी कुठली होती ते मला कळणार नव्हतं, हे लवकरच लक्षात आलं. काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. गुरं परत यायला लागली, धुरळा उठला, काकांना ठसका लागला. मी उठून पाणी आणून दिलं. ते प्यायले, तोंड पुसलं, आणि आवाजाच्या रोखाने माझ्याकडे मान वळवली.

"कटाळलीस का गं?"

"नाही काका," मी म्हणाले. "सांगा. मग अण्णा काय म्हणाले?"